यानाच्या दारामागचा मिस्त्री

तायडे मिस्त्रींची आणि माझी ओळख झाली ती मी राजवाडा पाडला त्या संध्याकाळी.

जळगाव जामोदच्या आमच्या हायस्कुलात स्नेहसंमेलनाला शिक्षकांनीही एक नाटक करायचं, अशी प्रथा होती. ज्याला पाठांतर जमत नाही, पण झब्बा अंगाला नीट बसतो, त्याला राजा करायचे. मी राजा होतो. तिसऱ्या वाक्यालाच माझी गाडी अडली. निदान विचारात पडल्यासारखं तरी दिसावं म्हणून मी शेजारच्या खांबाला टेकलो. खांब संगमरवरी होता, म्हणजे तसा रंगवलेला होता. तो मागे गेला, त्याच्यामागोमाग मी गेलो, आणि मग कमान, खिडकी, खिडकीतला चंद्र असं सगळं एकेक करत खाली आलं. धूळ बसली तेव्हा पडलेल्या राजवाड्यामागे एक सडपातळ माणूस उकिडवा बसलेला दिसला. कानामागे पेन्सिल, आणि दोन्ही हातांनी त्यानं उरलेली एकुलती एक भिंत धरून ठेवलेली. त्या संमेलनात सगळ्यात जास्त टाळ्या पोरांनी त्याला दिल्या.

मी मुकुट शोधत होतो. तो भिंत न सोडता हळूच म्हणाला, "लागलं काय, सर?"

"नाही, नाही."

"सेटले टेकाचं नसते. तो नुसता पाह्यासाठी असते."

कागदोपत्री श्रावण तायडे आमच्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, बिघडलेला तराजू ताळ्यावर आणणं, असलं काम. पण शाळेतला एकही बाक, फळा, दार त्यांचा हात लागल्याशिवाय उभं नव्हतं, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. गाव वडनेर भोलजी. जळगावात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एस्टीनं घरी जायचे. मी भूगोल शिकवायचो, त्यामुळे प्रयोगशाळेत जायचं कारण नव्हतं. राजवाडा पडला नसता तर तीन वर्षं एका छपराखाली काढूनही मी त्यांच्याशी बोललो नसतो.

मिस्त्रींना बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची सवय होती. कुठंही गेले की आधी ठक-ठक. लग्नाला गेले की नवरा-नवरीला शुभेच्छा देण्याआधी स्टेज ठोकून पाहायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मी हौसेनं घेतलेला शोकेस त्यांनी दोन ठिकाणी ठोकला आणि नुसतं "हं" म्हणाले. बस्स. त्या दिवसापासून माझ्या बायकोनं त्या शोकेसमध्ये काचेचं काही ठेवलं नाही. पुढे पावसाळ्यात त्याची पाठ फुगून सुटली, तेव्हा ती मला म्हणाली, "मिस्त्रीनं हं केलं होतं."

आमच्याकडे बसून त्यांनी टीव्ही पाहिला की ती वैतागायची. मालिकेत सासू रडते आहे, सून घर सोडून निघाली आहे, हिच्या डोळ्यांत पाणी, आणि मिस्त्री म्हणणार, "ही भिंत कालच्या दवाखान्यात होती. रंग बदलला नुसता. खिडकी तीच हाय."

"तुमाले माणसं दिसतच नाही काय हो, भाऊ?" ती एकदा वैतागून म्हणाली.

"माणसं तं समद्याईलेच दिसतात, वैनी," मिस्त्री म्हणाले.

ही नजर त्यांना कुठून आली, ते त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होतं. तरुणपणी मिस्त्री मुंबईत एका स्टुडिओत सुतार होते. घरोघरचे टीव्ही काळे-पांढरे होते, त्या काळात तिथं अंतराळातल्या सफरींची एक मालिका निघाली होती. तिचं यान मिस्त्रींनी उभं केलं. नकाशा कलादिग्दर्शक साहेबांचा. करवत, रंधा आणि खिळे मिस्त्रींचे. पुढे स्टुडिओ बंद झाला आणि कार्यालयातला कचरा बाहेर काढला गेला. त्यातून त्यांनी अकरा फोटो उचलून आणले. रोजचं चित्रीकरण संपलं की सेटचा एक फोटो काढून ठेवत. उद्या खुर्ची, कप, दिवा जागच्या जागी यावा म्हणून. त्यात नट नव्हते, नुसता सेट. म्हणूनच ते कोणाला नको होते आणि मिस्त्रींना हवे होते.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट कोणाला खरी वाटत नसे. विज्ञानाचे खोडके सर विचारायचे, "काय मिस्त्री, मंगळावून कवा आले?"

"सकायच्या एस्टीनं," मिस्त्री सांगायचे आणि नळ्या धुवायला लागायचे.

एका दुपारी, तिसरा तास रिकामा होता, तेव्हा त्यांनी मला प्रयोगशाळेच्या मागच्या टेबलावर बसवून ते अकरा फोटो दाखवले. खिशातून एक भिंग काढलं. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. मी पहिला फोटो पाहिला आणि म्हटलं, "वा, काय यान आहे!"

"यान नका पाहू," ते म्हणाले. "इकडे पाहा. कडेले."

आणि मग दोन तास त्यांनी मला फोटो वाचायला शिकवला. (रिकामा तास एकच होता. पुढच्या तासाला सातवी ब नद्या शिकली नाही.) यंत्रांची भिंत म्हणजे डालड्याच्या डब्यांची झाकणं आणि चहाच्या गाळण्या. बटणं म्हणजे मोडक्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या. कप्तानाची खुर्ची न्हाव्याच्या दुकानातली, पाय ठेवायची फळी काढलेली; भिंगातून त्या फळीच्या स्क्रूची भोकं दिसत होती. लांबच लांब बोळ म्हणजे एकच भिंत, आज इकडून तर उद्या तिकडून उभी केलेली. कोणत्या फोटोत ती कोणत्या बाजूनं आहे, हे मिस्त्री तिच्यावरच्या एका सांध्यावरून सांगायचे.

"आन् हे आभाय पाहा," ते म्हणाले. "काया कपडा, मागून दिवा. तारे म्या पाडले, आरीनं. दोन दिवस बसलो. साहेब आले, म्हणे तायडे, तुझे तारे ओळीत बसले आहेत. सुताराचा हात ना, सर. वाकडा जाते काय? मंग नवा कपडा आणला, अंथरला, आन् मूठभर ज्वारी फेकली त्याच्यावर. जथी दाणा पडला तथी भोक."

मी भिंगातून पाहिलं. आभाळ खरोखर आभाळासारखं होतं.

फोटोंच्या कडेला मात्र यान संपायचं. तिथं उघडं प्लायवूड, तिरके टेकू, वाळूची पोती. आणि तीन फोटोंत, त्या कडेला, मिस्त्री. एकात दोर धरलेली पाठ. एकात अर्धा चेहरा, ओठांत चार खिळे. आणि एकात यानाच्या सरकत्या दाराला मागून धरलेली चार बोटं.

"कप्तान हात वर करे की दार आपोआप उघडे. ते आपोआप म्हणजे मी," ते म्हणाले. "इकडून मी ओढो, तिकडून एक भय्या. एक डाव भय्यानं लवकर ढकललं. बोट मधात." त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. नख नव्हतं. "ओरडलो असतो तं शॉट गेला असता. नाई ओरडलो. तो शॉट टीव्हीवर आला. पोरगा नाई मानत."

मुलगा पुण्याला नोकरीला होता. बापानं मुंबईत कुठंतरी फळ्या ठोकल्या असतील, एवढं त्याला मान्य होतं. यान म्हटलं की तो मोबाईल काढायचा. "कोठी छापून आलं असतं ना, सर," मिस्त्री म्हणाले, "तं त्यानं मानलं असतं. तो छापेल मानते."

इथपर्यंत माझी बाजू बरी आहे. पुढची गोष्ट मी घरातही कुणाला धड सांगितली नव्हती.

मिस्त्री निवृत्त व्हायच्या महिन्यात मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचते तेव्हा आमच्या घरात पंखा बंद करून सगळे ऐकतात, कारण पुढे निस्तरावं लागतं. निरोप समारंभाला शाल-श्रीफळ सगळेच देतात. आपण मिस्त्रींचे फोटो एका चांगल्या अल्बमात लावून द्यावेत. फोटो पाहायला म्हणून त्यांच्याकडून मागून आणले. अल्बम शेगावहून आणला, मखमली पुठ्ठ्याचा. घरी येऊन पाहतो तर फोटो मोठे, अल्बमाचे खिसे लहान. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त.

शाळेच्या ऑफिसातून कागद कापायचं कटर मी घरी आणलं होतं. बायको तूर निवडत बसली होती. मी पहिला फोटो पात्याखाली धरला.

"कडा काऊन कापता?" ती म्हणाली. "राहू द्या ना. दुसरा अल्बम आणा."

"अगं, कडेला कचराच आहे सगळा. पोती न् फळ्या. मधलं यान बघ कसं उठून दिसतं."

"मिस्त्रीले विचारा तरी."

"सरप्राइज आहे. विचारतात का?"

त्या कडांत मिस्त्री आहेत हे माझ्या लक्षात नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. लक्षात होतं. ओठांत खिळे धरलेला तो अर्धा चेहरा पात्याखाली आला तेव्हा मी थांबलोही होतो. मग वाटलं, समारंभाच्या अल्बमात हे बरं दिसत नाही. मुख्याध्यापक पाहतील, संस्थेचे अध्यक्ष पाहतील. दाबलं पातं. बोटांच्या फोटोला मात्र कटर जरा तिरकं गेलं आणि बोटांची टोकं यानाच्या बाजूला राहून गेली. मला तेवढंच खटकलं होतं, काम साफ झालं नाही म्हणून.

समारंभात अध्यक्षांनी अल्बम दिला. फोटो कापून बसवलेत हे माझ्या भाषणात मी अभिमानानं सांगितलं. मिस्त्री खुर्चीवर बसले, शाल मांडीवर घेतली, खिशातून भिंग काढलं. लोक हसले. एकेक पान त्यांनी भिंगानं पाहिलं. मधलं यान नाही, कडा. अकराच्या अकरा. मग अल्बम मिटून माझ्याकडे पाहिलं.

"बसले बरोबर," ते म्हणाले.

मला ती शाबासकी वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोली सोडली आणि वडनेरला गेले.

कापण्याआधी मी फोनवर अल्बमातल्या खिशाच्या मापानं फोटो काढून पाहिले होते, कसे दिसतील ते. दोनेक वर्षांनी तेच मी जुन्या टीव्हीच्या आठवणी सांगणाऱ्या एका गटात टाकले. खूप वाहवा झाली. तीही मीच घेतली. त्यावरून मुंबईच्या एका मुलीचा फोन आला. कल्याणी तिचं नाव. जुन्या दूरदर्शन मालिकांच्या सेटवर ती पुस्तक करत होती. नटांवर नाही, सुतार, रंगारी, दोर ओढणारे यांच्यावर. मी मिस्त्रींचं नाव सांगितलं. ती रेल्वेनं शेगावला उतरली, मी तिला घेऊन वडनेरला गेलो. मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. शेजारचे चार जण येऊन बसले होते, आमचे मुख्याध्यापकही मुद्दाम आले होते.

मुलगी हुशार होती. मिस्त्री सांगत होते आणि ती लिहून घेत होती. गाळण्या, ज्वारी, न्हाव्याची खुर्ची. मग तिनं अल्बम पाहिला आणि अडखळली.

"काका, तुमचं सगळं पटतंय मला. पण कलादिग्दर्शकांच्या घरचे म्हणतात, यान त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं. आणखी दोघे-तिघे सांगतात की आम्ही बांधलं. नाव छापायचं तर आधार हवा. सेटची मागची बाजू किंवा तुम्ही स्वतः दिसाल असा एखादा फोटो आहे का? ह्या फोटोंच्या कडा कापल्यासारख्या वाटतात."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"होत्या कडा," मिस्त्री म्हणाले. "उधई लागली."

आमच्याकडे वाळवीला उधई म्हणतात. मुलीला मी तेवढा अर्थ सांगितला. माझं त्या दिवशीचं योगदान तेवढंच.

"अरेरे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही ते फोटो आधी पाहिले असतील ना? कडांसकट? त्यात काका दिसत होते का? तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही लिहून दिलंत तरी मला पुरेल."

तेवढंच हवं होतं. एक वाक्य. पाहिले होते, दोर धरलेली पाठ, ओठांतले खिळे, चार बोटं. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. उधईनं एवढी सरळ रेघ कशी खाल्ली? आणि समोर मुख्याध्यापक बसले होते, ज्यांनी माझं ते अभिमानाचं भाषण ऐकलं होतं.

"कडा... असतील," मी म्हणालो. "मी आपला मधलाच भाग पाहायचो."

मुख्याध्यापकांनी चहाचा कप उचलला. मिस्त्रींनी भिंग खिशात ठेवलं. मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

गेल्या महिन्यात पुस्तक आलं. तिनं माझ्याच पत्त्यावर दोन प्रती पाठवल्या. यानावर सहा पानं होती. कलादिग्दर्शकांचं नाव होतं. सुतारकामाबद्दल 'स्टुडिओतील अनाम कारागीर' एवढंच. सातव्या फोटोखाली लिहिलं होतं: 'यानाचे स्वयंचलित दार.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत: 'छायाचित्र सौजन्य', पुढे माझं नाव. संपूर्ण, वडिलांच्या नावासकट.

प्रत घेऊन मी वडनेरला गेलो. नांदुऱ्याला एस्टी बदलताना दोनदा वाटलं, परत जावं. मिस्त्री ओट्यावर बसले होते, वाळले होते बरेच. त्यांनी पुस्तक घेतलं, आधी पुठ्ठा पेरानं ठोकला, मग भिंग लावून ते पान पाहिलं. बराच वेळ.

"छपाईत काही दिसत नाई हो. नुसते ठिपके," ते म्हणाले. मग भिंग फोटोच्या कडेकडे सरकवलं. "हे पाहा. हे राह्यले."

दाराच्या कडेला चार बोटांची टोकं होती. मधल्याला नख नव्हतं. त्यांनी आपला उजवा हात पानाशेजारी ठेवला. हात म्हातारा झाला होता, बोट तसंच होतं.

"स्वयंचलित," त्यांनी वाचलं. हसले नाहीत. पुढची ओळ वाचायला त्यांनी भिंग जवळ नेलं.

"मिस्त्री, त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली.

"तुमचं नाव बरोबर छापलं काय, सर? पाहून घ्या. लोकं चुकवतात."

मी पाहिलं. बरोबर होतं.

"मुलाला पाठवता का ही प्रत?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"कायले?" ते म्हणाले. "तुमाले पाठवली ना त्यायनं. तुमीच ठेवा."

पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि आत गेले. मी फाटकापर्यंत गेलो आणि वळून पाहिलं. ते दार लावून घेत होते. माणूस दिसत नव्हता. दाराच्या कडेला चार बोटं तेवढी दिसत होती. मग तीही आत गेली. दार जराही न वाजता मिटलं. स्वतःच्या घराचं दार त्यांनी असंच बसवलेलं असणार.

घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. पुस्तक तिनं चाळलं, माझं नाव वाचलं, मग मागचं पान, पुढचं पान.

"मिस्त्रीचं नाव कोठी हाय?"

मग मी सगळं सांगितलं. मुलीचा प्रश्न, माझं उत्तर, मुख्याध्यापकांचा कप. शेवटी स्वतःच्या बचावाला म्हणून जोडलं, "आता त्यांनी स्वतःच उधई सांगितली. मी वर काय बोलणार?"

तिनं पुस्तक मिटलं, ओट्याच्या कोरड्या बाजूला ठेवलं.

"उधईले बोलता येत नाई, म्हणून तिचं नाव घेतलं त्यायनं," ती म्हणाली. "तुमाले तं येत होतं."